बेसबॉल मॅनेजमेंट गेममधला पगार-लवाद : सर्व्हिसचे दिवस, मिडपॉइंट आणि नॉन-टेंडर

तिसरा_बेस (धागाकर्ता)

ओओटीपी, म्हणजे आउट ऑफ द पार्क बेसबॉल हा संघ चालवायचा गेम, खेळणारे एक प्रश्न सारखा विचारतात : गेल्या वर्षी किमान पगारावर खेळणारा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) यंदा एकदम ५० लाख डॉलर कसा मागतो? आणि दिले नाहीत तर तो फुकट निघून कसा जातो? उत्तर पगार-लवादात आहे. एमएलबीतली, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली, मूळ पद्धत समजली की गेममधली आपोआप समजते, म्हणून आधी ती मांडतो. रक्कम सगळीकडे लाख आणि कोटी डॉलरमध्ये.

खेळाडूच्या नोकरीचे, म्हणजे एमएलबी संघात काढलेल्या काळाचे (याला सर्व्हिस म्हणतात), तीन टप्पे असतात. पहिली तीन वर्षं पगार क्लबच्या हातात असतो आणि बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं. २०२४ मध्ये किमान पगार ७.४ लाख होता, २०२५ साठी ७.६ आणि २०२६ साठी ७.८ लाख ठरला. तीन ते सहा वर्षं हा लवादाचा टप्पा. खेळाडू क्लबच्याच ताब्यात असतो, दुसरीकडे जाऊ शकत नाही, पण पगारावर एकमत झालं नाही तर तिऱ्हाईत पॅनेल निर्णय देतं. सहा वर्षं पूर्ण झाली आणि पुढचा करार नसेल तर तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा. गेममध्ये लीग सेटिंग्जच्या आर्थिक भागात लवाद चालू-बंद करता येतो आणि किती वर्षांनी लवाद, किती वर्षांनी फ्री एजन्सी हे आकडेही बदलता येतात. नवीन लीग उघडली की सगळ्यात आधी ते पान बघा, कारण पुढचं सगळं त्या दोन आकड्यांवर उभं आहे.

वर्षाचा क्रम असा. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, संपते. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारच्या सुमारास, टेंडरची मुदत असते. त्या दिवसापर्यंत क्लबने 'पुढच्या वर्षी हा खेळाडू आम्हाला हवा' असं सांगायचं. नाही सांगितलं तर तो नॉन-टेंडर होतो, म्हणजे मोकळा. जानेवारीत दोन्ही बाजू आपापला आकडा देतात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात सुनावण्या होतात. सुनावणीत तीन जणांचं पॅनेल दोनपैकी एकच आकडा उचलतं. मधला आकडा द्यायची मुभा त्यांना नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

लवादातून मिळणारा करार एकाच वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी हाच खेळ पुन्हा, आणि तेव्हा सुरुवात याच पगारापासून होते. म्हणून पहिल्या लवादात तुम्ही ५ लाख जास्त मोजलेत तर ते पुढच्या दोन्ही वर्षांच्या पगारातही मुरतात. नवे मॅनेजर पहिल्या वर्षी ढिलाई करतात आणि तिसऱ्या वर्षी बजेट का फाटलं म्हणून शोधत बसतात.

डावखुरा_८१

छान धागा. दोन शंका. खेळाडूच्या पानावर सर्व्हिस २.१३२ अशी दिसते, हे दशांश वाचायचं का? आणि तीन वर्षं पुरी नसताना काही जण लवादात कसे येतात?

आकडेमोड

दशांश अजिबात नाही. टिंबाच्या डावीकडे वर्षं, उजवीकडे दिवस. २.१३२ म्हणजे २ वर्षं १३२ दिवस. सर्व्हिसचं वर्ष १७२ दिवसांचं धरतात. हंगाम साधारण १८६ दिवसांचा असतो, पण एका हंगामात १७२ पेक्षा जास्त दिवस जमा होत नाहीत. म्हणून २.१७१ च्या पुढे एक दिवस म्हणजे थेट ३.०००.

स्प्रेडशीट करणाऱ्यांनी जपावं. २.१२० टाकलं की शीट शेवटचं शून्य खाऊन २.१२ दाखवते आणि मग ते १२ दिवस की १२० हे कळत नाही. वर्षं एका रकान्यात, दिवस दुसऱ्यात आणि तिसऱ्यात सूत्र : वर्षं गुणिले १७२ अधिक दिवस. २.१३२ चे होतात ४७६. छाटणी, क्रमवारी, सगळं या तिसऱ्या रकान्यावर करा.

दुसऱ्या शंकेचं उत्तर सुपर टू. ज्यांची सर्व्हिस दोन ते तीन वर्षांच्या मध्ये आहे आणि ज्यांनी नुकत्याच संपलेल्या हंगामात किमान ८६ दिवस मिळवले आहेत, त्यांची यादी करायची. त्यातले सर्व्हिसने वरचे २२ टक्के एक वर्ष आधीच लवादात जातात. त्यामुळे पात्रतेची रेषा दरवर्षी हलते : २०२१ च्या हंगामानंतर २.११६, २०२२ नंतर २.१२८, २०२३ नंतर २.११८, २०२४ नंतर २.१३२. तुमच्या लीगमध्ये यादीत ६० खेळाडू असतील तर २२ टक्के म्हणजे १३.२. तेरा घ्यायचे की चौदा, हे लीगने हंगामाआधी लिहून ठेवावं. नाहीतर नेमका चौदाव्या खेळाडूवरून तंटा होतो.

सुपर टूला तीनऐवजी चार वेळा लवाद मिळतो. फ्री एजन्सीची सहा वर्षं मात्र तीच राहतात.

न्यूजर्सीकर

म्हणून मी म्हणेन की लवादाचा हिशेब जानेवारीत करायचा नसतो. पोराला मायनरमधून (खालच्या लीगमधून) वर बोलावता त्या दिवशीच तो सुरू होतो.

१८६ दिवसांच्या हंगामात नवख्याला पहिले १५ दिवस खाली ठेवलं तर त्याला जास्तीत जास्त १७१ दिवस मिळतात. एक दिवस कमी, म्हणून वर्ष पूर्ण होत नाही आणि क्लबला सहाऐवजी जवळपास सात वर्षं ताबा मिळतो. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण क्रिस ब्रायंटचं. शिकागो कब्जने त्याला १७ एप्रिल २०१५ ला वर आणलं आणि हंगामाअखेर त्याच्या नावावर १७१ दिवस होते. त्याने तक्रार लढवली, जानेवारी २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला.

पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. १७१ दिवसवाला पुढे २.१७१ वर येतो आणि हमखास सुपर टू ठरतो. ब्रायंटला चार वर्षं लवादाचे पगार मिळाले : २०१८ मध्ये १.०८५ कोटी, मग १.२९ कोटी, १.८६ कोटी आणि २०२१ मध्ये १.९५ कोटी. बेरीज ६.१८५ कोटी. त्याचं पहिलं लवाद-वर्ष साध्या नियमाने किमान पगाराचं असतं. म्हणजे क्लबने एक वर्षाचा ताबा जास्त मिळवला आणि त्यासाठी एक महागडं वर्षही पदरी घेतलं.

सुपर टूही टाळायचा असेल तर नवख्याला आणखी खाली ठेवावं लागतं. रेषा गेल्या काही वर्षांत ११५ दिवसांच्या खाली सहसा आलेली नाही, तेव्हा पहिल्या हंगामात ११४ दिवसच मिळू द्यायचे. १८६ मधून ११४ गेले, उरले ७२. हंगाम २७ मार्चला सुरू झाला असेल तर वर आणायची तारीख ७ जून येते. आता हिशेब करा : ७२ दिवस त्या जागेवर साधा बदली खेळाडू खेळवून किती सामने जातात, आणि चार वर्षांनी किती पैसे वाचतात. संघ प्लेऑफच्या शर्यतीत असेल तर मी थांबणार नाही. संघ तळाला असेल तर थांबण्यात तोटा नाही.

एमएलबीच्या २०२२ च्या करारापासून एक काटा वाढलाय. रुकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सर्व्हिस मिळू शकते. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला आला तरी त्याला पूर्ण वर्ष मिळालं. तुमच्या लीगमध्ये हा नियम लागू असेल तर खऱ्या गुणी पोराला रोखून ठेवण्याचा फायदा बराच घटतो.

डावखुरा_८१

आणि जखमी यादीवर असताना सर्व्हिस मोजतात का?

न्यूजर्सीकर

मोजतात, एमएलबी क्लबच्या जखमी यादीवर असेल तर. पूर्ण हंगाम जखमी राहिला तरी पूर्ण वर्ष मिळतं. म्हणून कोपराची शस्त्रक्रिया झालेला पिचर एकही चेंडू न टाकता लवादापर्यंत पोचतो. मायनरमध्ये ऑप्शनवर पाठवलेल्याचंही (म्हणजे आधीच क्लबच्या ४० जणांच्या यादीत असलेल्याचं) एक कलम आहे : हंगामात एकूण २० पेक्षा कमी दिवस खाली राहिला तर ते दिवसही सर्व्हिसमध्ये धरतात. दोन आठवड्यांसाठी खाली पाठवून दिवस वाचवल्याचं समाधान मानू नका.

शर्वरी_कु

पॅनेल नेमकं काय बघतं यावर कोणी लिहिलं नाही, ते मी लिहिते.

करारात कसोट्या ठरलेल्या आहेत. सरलेल्या हंगामातली कामगिरी, त्यात नेतृत्व आणि प्रेक्षकांतली लोकप्रियताही धरतात. कारकिर्दीत किती काळ आणि किती सातत्याने योगदान दिलं. आधीचा पगार. त्याच सर्व्हिसच्या इतर खेळाडूंचे पगार. शारीरिक किंवा मानसिक अडचण. क्लबची अलीकडची कामगिरी, त्यात हजेरीही येते. काय मांडता येत नाही हेही ठरलेलं आहे : क्लबची किंवा खेळाडूची आर्थिक स्थिती, वर्तमानपत्रांतली स्तुती, आधीच्या वाटाघाटीतले प्रस्ताव, दुसऱ्या खेळांतले पगार. प्रत्येक बाजूला एक तास मांडणीला आणि अर्धा तास खंडनाला मिळतो.

यातलं सगळ्यात वजनदार कलम म्हणजे इतर खेळाडूंचे पगार. यांना कॉम्प्स म्हणतात. खेळाडू ३.०४० वर असेल तर त्याच पोझिशनचे, गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत तीन ते चार वर्षांच्या सर्व्हिसवर असलेले खेळाडू काढायचे आणि त्यांच्या लवादाआधीच्या आकडेवारीशी तुलना करायची. फ्री एजंटच्या पगाराशी तुलना केलीत तर हिशेब कोसळतो, कारण ती बाजारपेठच वेगळी.

दुसरं, पॅनेलमधली माणसं कामगार-लवादाची जाणकार असतात, बेसबॉलचे संख्याशास्त्रज्ञ नसतात. म्हणून होम रन, आरबीआय (फटक्याने आणवलेल्या धावा), सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं), टाकलेल्या इनिंग्ज, मिळालेली पारितोषिकं हे जुने आकडे फार बोलतात. रायन हॉवर्डने २००८ मध्ये पहिल्याच लवादात १ कोटी मागितले, फिलाडेल्फियाने ७० लाख देऊ केले होते आणि तो जिंकला. २००६ चा एमव्हीपी (लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू), होम रनचा डोंगर, पॅनेलला समजायला सोपं. उलट डेलिन बेटान्सेस २०१७ मध्ये ५० लाख मागून ३० लाखांवर हरला. तो उत्तम रिलीव्हर (मधेच बदली येणारा पिचर) होता, पण आठव्या इनिंगचा, आणि सेव्ह क्लोजरच्या, म्हणजे शेवटची नववी इनिंग टाकणाऱ्याच्या, नावावर जमा होतात. यावरून गेममध्ये शिकण्यासारखं हे : तुमच्या लीगमध्ये लवादाचा अंदाज सेव्ह बघून वाढतो असं दिसलं, तर सेटअपच्या (क्लोजरच्या आधी येणाऱ्या) पिचरला सहज म्हणून क्लोजर करू नका. सातव्या इनिंगमध्येही तो तेवढेच बाद मिळवून देतो, नवव्यात टाकला की फक्त पगार वाढतो.

गेममध्ये खरी फसगत होते ती रेटिंग आणि आकडे यांच्या फरकामुळे. स्काउटने रेटिंग खाली आणलं, पण मागच्या दोन हंगामांचे आकडे झकास आहेत, अशा खेळाडूचा लवादाचा आकडा चढाच राहतो. मागच्या कामाचा पगार तुम्ही पुढच्या घसरणीला देता. असे खेळाडू नोव्हेंबरच्या मुदतीआधी विकावेत.

मुळामुठा

हे सगळं ठीक, पण गेम पगारपत्रकात पुढच्या वर्षाचा अंदाज दाखवतोच. तोच आकडा टाकायचा आणि पुढे जायचं. एवढा खटाटोप कशाला?

आकडेमोड

मुळामुठा, खटाटोप एवढ्यासाठी की अंदाज टाकणं हा बहुतेक वेळा सर्वोत्तम प्रस्ताव नसतो. आकड्यांतच सांगतो.

पॅनेलचा स्वतःच्या मनातला एक योग्य आकडा असतो असं धरा. तो ज्या प्रस्तावाच्या जवळ, तो प्रस्ताव जिंकतो. म्हणजे प्रश्न एकच उरतो : योग्य आकडा दोन प्रस्तावांच्या मिडपॉइंटच्या (बरोबर मधल्या आकड्याच्या) वर आहे की खाली? व्लादिमिर गरेरो ज्युनियरने २०२४ मध्ये १.९९ कोटी मागितले, टोरोंटोने १.८०५ कोटी देऊ केले. मिडपॉइंट १.८९७५ कोटी. पॅनेलला त्याची किंमत त्याहून थोडी जरी जास्त वाटली तरी १.९९ पूर्ण मिळणार होते, आणि मिळाले. कॉर्बिन बर्न्स आणि मिलवॉकीचं २०२३ चं प्रकरण १.०७५ विरुद्ध १.००१ कोटी असं होतं, तिथे मिडपॉइंट १.०३८. तो हरला.

आता काल्पनिक खेळाडू. योग्य आकडा ४८ लाखांच्या आसपास, पण पॅनेलचं मन किती इकडेतिकडे होऊ शकतं याचं प्रमाण विचलन ४ लाख धरू. खेळाडूची मागणी ५४ लाख. तुम्ही किती द्याल?

३८ लाख दिलेत तर मिडपॉइंट ४६. तुम्ही जिंकायची शक्यता ३१ टक्के, सरासरी खर्च ४९.१ लाख.
४० लाख दिलेत तर मिडपॉइंट ४७, शक्यता ४० टक्के, सरासरी खर्च ४८.४.
४३ लाख दिलेत तर मिडपॉइंट ४८.५, शक्यता ५५ टक्के, सरासरी खर्च ४७.९ ते ४८.
४५ लाख दिलेत तर शक्यता ६५ टक्के, सरासरी खर्च ४८.२.
४७ लाख दिलेत तर शक्यता ७३ टक्के, पण सरासरी खर्च ४८.९.

कंजूषपणा महाग पडतो आणि फार उदारपणाही. मधे ४२ ते ४५ चा पट्टा जवळजवळ सपाट आहे. त्या पट्ट्यात मी वरचं टोक घेईन, कारण खर्च तेवढाच राहून हरण्याचा धोका कमी होतो. दोन्ही बाजू डोकं लावून खेळल्या तर गणिताने निघणारा प्रस्ताव योग्य आकड्यापासून विचलनाच्या साधारण १.२५ पट दूर असतो. इथे ५ लाख, म्हणजे ४३ आणि ५३. तुम्ही म्हणता तसा अंदाजाएवढा, म्हणजे ४८ चाच प्रस्ताव दिला तर जिंकलात तरी ४८ आणि हरलात तर ५४. सरासरी ४८ च्या वरच जाणार.

ही आकडेमोड पॅनेलने दोनपैकी एक उचलण्याच्या पद्धतीसाठी आहे. तुमच्या गेमची आवृत्ती किंवा लीगचा घरचा नियम वेगळा असेल तर आधी तो नीट वाचा.

मुळामुठा

पटलं. पण ते ४ लाख विचलन आणायचं कुठून?

आकडेमोड

तुमच्याच लीगच्या इतिहासातून. ओओटीपीमधून खेळाडूंची यादी सीएसव्ही करून बाहेर काढता येते. गेल्या तीन हिवाळ्यांतले लवादाचे करार घ्या, मुदतीच्या दिवशीचा अंदाज एका रकान्यात आणि प्रत्यक्ष ठरलेला पगार दुसऱ्यात. फरकाचं प्रमाण विचलन काढा. पिचर आणि फलंदाज वेगळे ठेवा, आणि रिलीव्हर स्टार्टरपासूनही (सामना सुरू करणाऱ्या पिचरपासून) वेगळे. २५-३० प्रकरणं मिळाली की आकडा कामापुरता स्थिर होतो. नवीन लीग असेल तर अंदाजाच्या ८ टक्के धरून सुरुवात करा, मग दरवर्षी सुधारा.

अंदाजच नसेल तर ४०-६०-८० चा ठोकताळा. फ्री एजंट म्हणून त्याला १.६ कोटी मिळाले असते असं वाटतं, तर पहिल्या लवादात ६४ लाख, दुसऱ्यात ९६ लाख, तिसऱ्यात १.२८ कोटी. हा निव्वळ ठोकताळा आहे, पहिल्या वर्षासाठी तर बराच उदार. दुसऱ्या वर्षापासून टक्केवारी सोडा आणि वाढ मोजा : मागचा पगार अधिक या वर्षीच्या कामगिरीची किंमत. गरेरोचे चार लवाद-पगार बघा, तो सुपर टू होता : ७९ लाख, १.४५ कोटी, १.९९ कोटी, २.८५ कोटी. हुआन सोटोचे : ८५ लाख, १.७१ कोटी, २.३ कोटी, ३.१ कोटी. एकही वर्ष खाली उतरलेलं नाही.

तिसरा_बेस

खाली का उतरत नाही याचं एक कारण नियमातही आहे. क्लब टेंडर देताना पगार मागच्या वर्षाच्या २० टक्क्यांहून जास्त कापू शकत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीच्या पगाराच्या ३० टक्क्यांहूनही जास्त नाही. ५० लाखवाल्याला ४० लाखांच्या खाली प्रस्ताव देता येत नाही. तो आता १५ लाखांच्या लायकीचा उरला असेल तर एकच वाट, नॉन-टेंडर. मोकळा झाल्यावर तोच खेळाडू तोच क्लब कमी पैशांत घेऊ शकतो, तिथे २० टक्क्यांची अट लागत नाही. अर्थात तोवर इतरांचीही नजर त्याच्यावर असते.

कोडी बेलिंजरचं प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. २०१९ चा एमव्हीपी. लवादातले पगार १.१५ कोटी, १.६१ कोटी, १.७ कोटी असे चढत गेले आणि बॅट मात्र २०२१ पासून बसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉजर्सनी त्याला टेंडर दिलंच नाही. कब्जने एक वर्षासाठी १.७५ कोटीला घेतलं. पगाराचा पाया एकदा चढला की कामगिरी पडली तरी उतरत नाही, आणि मग क्लबपुढे पूर्ण रक्कम किंवा शून्य एवढेच पर्याय उरतात.

नॉन-टेंडर करण्याआधी त्या जागेवर कोण खेळणार हे ठरवा. मुदत नोव्हेंबरात संपते आणि बरेच फ्री एजंट डिसेंबर-जानेवारीत करार करतात. दुसऱ्या बेसचा माणूस सोडला आणि नंतर बाजारात परवडणारा उरलाच नाही, ही फार नेहमीची चूक आहे.

शर्वरी_कु

यात हमीचा मुद्दा जोडते. २०२२ च्या करारापासून सुनावणीला न जाता तडजोडीने झालेला करार पूर्ण हमीचा असतो. सुनावणीत ठरलेला पगार मात्र हमीचा नसतो. हंगामाआधी ठरावीक तारखेपर्यंत खेळाडूला सोडलं तर ३० दिवसांचा, त्यानंतर सोडलं तर ४५ दिवसांचा पगार देऊन क्लब मोकळा. जे. डी. डेव्हिस २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्धची सुनावणी जिंकला, ६९ लाख मिळणार होते. मार्चमध्ये क्लबने त्याला सोडलं, हाती आले सुमारे ११ लाख. ६९ गुणिले ३० भागिले १८६ करून बघा, तेच येतात.

तुमच्या लीगमध्ये हे आणायचं असेल तर कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) करार हाताने बदलावा लागेल. आणा असं मी सुचवीन. तडजोडीला खरं वजन येतं, खेळाडूच्या बाजूने बोलणाराही विचार करतो.

डावखुरा_८१

आमच्या ऑनलाइन लीगमध्ये लवाद माणसांनीच चालवायचा विचार आहे. सुनावणीची नियमावली कशी असावी?

न्यूजर्सीकर

चालेल असा आराखडा देतो. टेंडरची मुदत संपली की कमिशनर पात्र खेळाडूंची यादी टाकतो. प्रत्येक प्रकरणात खेळाडूचा एजंट म्हणून दुसऱ्या डिव्हिजनचा (गटाचा) एक जीएम, म्हणजे संघ चालवणारा सदस्य, नेमतो. क्लब आणि एजंट दोघेही आकडा कमिशनरला खासगी निरोपाने पाठवतात आणि तो दोन्ही एकाच वेळी उघड करतो. एकाचा आकडा आधी फुटला तर दुसरा मिडपॉइंट स्वतःच्या सोयीने सरकवतो, त्यामुळे इथे ढिलाई नको. मग तीन दिवस तडजोडीला. झाली नाही तर प्रत्येकाने जास्तीत जास्त पाच कॉम्प्स आणि ३०० शब्दांची मांडणी द्यायची. पॅनेल तीन जणांचं, दोन्ही बाजूंच्या डिव्हिजनबाहेरचं. पॅनेलला प्रश्न एकच विचारायचा : खेळाडूची किंमत मिडपॉइंटच्या वर की खाली? 'कोणाचा प्रस्ताव आवडला' असं विचारलंत की मतं मांडणीच्या भाषेवर जातात. निकाल लागला की कमिशनर मोडमधून कराराची रक्कम भरायची.

एजंट अवास्तव मागणी करेल ही भीती बाळगू नका. ४८ च्या खेळाडूला ७० मागितले तर मिडपॉइंट वर जातो आणि क्लब आरामात जिंकतो. ही पद्धत स्वतःच लगाम लावते, म्हणूनच टिकली आहे.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेचं बघा. कमिशनर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल आणि मुदत रात्री ११ ची असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ वाजतात, उन्हाळ्यात साडेआठ. टेंडरचे निर्णय असलेली संघाची एक्सपोर्ट फाइल सिम (गेमचं सिम्युलेशन) पुढे जाण्याआधी सर्व्हरवर पोचली पाहिजे. निर्णय गेममध्ये नोंदवले पण एक्सपोर्ट केलंच नाही, आणि चार खेळाडू मोकळे झाले, असं ऑनलाइन लीगमध्ये होतं.

मुळामुठा

आयपीएलमधल्या रिटेन्शनसारखंच आहे का हे थोडंफार?

तिसरा_बेस

ताबा ठेवण्यापुरतं साम्य. आयपीएलमध्ये राखलेल्या खेळाडूसाठी पर्समधून वजा होणारे टप्पे आधीच छापलेले असतात. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी ते १८, १४, ११, १८ आणि १४ कोटी रुपये होते. इथे छापील टप्पे नाहीत, प्रत्येकाचा आकडा दुसऱ्यांच्या आकड्यांवरून ठरतो. तुमच्या शॉर्टस्टॉपचा पगार पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबच्या सुनावणीत कॉम्प म्हणून उभा राहतो.

डावखुरा_८१

ऐतिहासिक लीग १९७० पासून चालवायची असेल तर लवाद कधी चालू करायचा?

शर्वरी_कु

१९७३ च्या करारात आला, पहिल्या सुनावण्या फेब्रुवारी १९७४ मध्ये. पहिलं प्रकरण मिनेसोटाच्या डिक वुडसनचं. त्याने २९,००० डॉलर मागितले, क्लबने २३,००० देऊ केले होते, तो जिंकला. त्या वर्षी २९ सुनावण्या झाल्या, १६ क्लब जिंकले आणि १३ खेळाडू. तेव्हा दोन वर्षांची सर्व्हिस पुरत होती. डिसेंबर १९७५ च्या मेसरस्मिथ-मॅकनॅली निकालाने रिझर्व्ह क्लॉज (खेळाडूला क्लबशी बांधून ठेवणारं कलम) मोडला, १९७६ आणि १९७७ मध्ये सुनावण्या झाल्या नाहीत, आणि १९७६ च्या करारात सहा वर्षांनी फ्री एजन्सी आली. १९८७ पासून लवादाला तीन वर्षं लागू लागली. १९९० च्या करारात सुपर टू आला, तेव्हा १७ टक्के. २०१३ पासून २२.

१९८७ चा बदल करताना जपा. दोन वर्षांवरून तीनवर जाताना आधीच लवादातून गेलेले दोन वर्षांवाले पुन्हा किमान पगारावर ढकलले जातात का, ते तपासा. बदल हंगाम संपल्यावर आणि टेंडरच्या मुदतीआधी करायचा, म्हणजे यादी नव्या नियमाने स्वच्छ बनते.

आकडेमोड

दीर्घ कराराचं कोणी बोललं नाही. लवादाची वर्षं विकत घेण्याची चाल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या जॉन हार्टने रूढ केली. आजची ठळक उदाहरणं अटलांटाची : २०१९ मध्ये रोनाल्ड अकुन्याला ८ वर्षांचे १० कोटी आणि ओझी अल्बीसला ७ वर्षांचे साडेतीन कोटी.

गेममध्ये हिशेब असा करा. लवादाच्या तीन वर्षांचे अंदाज मांडा, समजा ५०, ८० आणि ११५ लाख. बेरीज २.४५ कोटी. यात एक धोका फक्त तुमचा आहे : दुसऱ्या वर्षी तो कोसळला तरी करार चालूच, आणि लवादात असता तर नॉन-टेंडर करून सुटला असतात. म्हणून तीन वर्षांसाठी २.४५ कोटी मोजणं तोट्याचं. १० ते १५ टक्के सूट मिळाली तर घ्या, म्हणजे २.१ ते २.२ कोटी. सूट मिळत नसेल तर फ्री एजन्सीचं निदान एक वर्ष त्यात ओढा, आणि तेही क्लबच्या मर्जीचं ऑप्शन-वर्ष असेल तर उत्तम. पिचरला मी याहून जास्त सूट मागतो, कारण एका कोपराच्या दुखापतीत दोन हंगाम जाऊ शकतात.

बोलणी कधी काढायची तर पहिल्या लवादाच्या आदल्या वसंतात. तेव्हा त्याच्या हातात किमान पगाराचेच पैसे असतात. पहिली सुनावणी जिंकून ६० लाख खिशात आले की तोच खेळाडू सूट द्यायला तयार होत नाही.

डावखुरा_८१

आमच्याकडे सहा प्रकरणं आहेत. आमचे प्रस्ताव मिळून १.९२ कोटी, मागण्या मिळून २.४ कोटी. जानेवारीत फ्री एजंटवर खर्च करताना बाजूला किती ठेवायचे?

आकडेमोड

मिडपॉइंटची बेरीज २.१६ कोटी, ती ठेवायचीच. सहाही हरण्याची शक्यता फारच थोडी, ५५ टक्क्यांनी जिंकायचं धरलं तर एक टक्क्याहूनही कमी, म्हणून पूर्ण २.४ अडकवू नका. प्रकरणं साधारण सारख्या आकाराची असतील तर चार हार आणि दोन जीत धरा : प्रत्येकी फरक ८ लाख, म्हणजे १.९२ अधिक ३२ लाख, २.२४ कोटी. एखादं प्रकरण इतरांहून बरंच मोठं असेल तर ते आधी तडजोडीत मिटवा आणि मग हा हिशेब उरलेल्या पाचांवर करा.